पडद्यावर मेलेली नणंद

गिरिजाबाईंनी नवं इरकल नेसायला नकार दिला, आणि सकाळपासून कसाबसा धरून ठेवलेला घरातला उत्साह तिथंच सांडला.

"अक्का, आज सगळं सोलापूर बघणार तुमाला," सिद्धेश्वरी घडी मोडलेली साडी हातावर घेऊन दारात उभी होती. ती धाकटी जाऊ, मल्लेशची बायको. "स्टेजवर बोलवणार हायेत. टीव्हीवाले येणार. अशा विटक्या लुगड्यात जाता व्हय?"

"अंग झाकलं म्हणजे झालं की."

"मला सांगू नका. यास्नी सांगा."

मल्लेश बाहेरच्या खोलीत फोनवर फ्लेक्सवाल्याला झापत होता. थेटराच्या दारात हिरोच्या कटआउटशेजारी थोरल्या भावाचा, शिवशरणचा फोटो हिरोएवढाच उंच पाहिजे, असं ठरलं होतं. फ्लेक्सवाल्यानं तो कमरेएवढा केला होता. "अरे, पिच्चर कुणावर हाय? त्याच्यावर का माझ्या भावावर?" मल्लेश ओरडला आणि फोन ठेवून आत आला. "वैनी, काय झालं?"

"काय न्हाई. मी येते. पण हेच लुगडं नेसून येते."

मल्लेशनं बायकोकडं पाहिलं, तिनं मान उडवली. वहिनींशी वाद घालायची त्याची सवय नव्हती. भाऊ जन्मठेपेवर गेला तेव्हा या बाईनं शेत, गुरं आणि लहानगा मुलगा अनिलकुमार असं सगळं एकटीनं ओढलं होतं. त्या काळात मल्लेश घरी होता, पण नसल्यासारखा होता. दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघांनीही ते कधी काढलं नव्हतं.

गिरिजाबाईंचं मन साडीत नव्हतंच. ते काल संध्याकाळी फाटकाशी आलेल्या पोरीत अडकलं होतं.

घरात तेव्हा कुणी नव्हतं. पाठीवर बॅग, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, उन्हानं रापलेला चेहरा. "मामी, मी संस्कृती," ती म्हणाली होती. मामी म्हणणारं या जगात कुणी आहे हेच गिरिजाबाई विसरल्या होत्या. पोरीची हनुवटी बघितल्यावर पुढचं विचारायची गरज उरली नाही. शिवलीलाचीच हनुवटी होती ती.

वीस-बावीस वर्षांमागं शिवलीला, शिवशरणची पाठची बहीण, घरातून निघून गेली आणि तिनं अमृतशी लग्न केलं. अमृत धोंडीरामचा मुलगा. त्यांचं रान शिवशरणच्या घरच्या, बिराजदारांच्या रानाला लागून होतं, पण जात वेगळी होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत मंद्रूपच्या बाजारात, भर दिवसा, शिवशरणनं त्याला कोयत्यानं मारलं. शिवलीलाला तेव्हा दिवस गेले होते. मग खटला, शिक्षा, येरवडा. सुटून आलेला शिवशरण कुणाशी फारसा बोलला नाही आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वारला. शिवलीलाचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. ती कुंभारीला सासूबरोबर राहते, नर्स आहे, एवढं उडत कानावर यायचं.

पुढं मुंबईची पिच्चरवाली माणसं आली. याच बाहेरच्या खोलीत बसून मल्लेशनं त्यांना गोष्ट सांगितली. ती सांगता सांगता अमृत गुंड झाला, त्यानं बहिणीला उचलून नेलं, तिची अब्रू घेतली, बहिणीनं विहिरीत उडी टाकली आणि भावांनी घराण्याच्या इज्जतीसाठी सूड उगवला. खोडून काढणारा शिवशरण तोवर उरला नव्हता. लिंगायताच्या रिवाजाप्रमाणे मातीत गेला होता.

"कामावर पोरं ट्रेलर लावतात," संस्कृती काल सांगत होती. ती चिंचोळीला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये होती. "त्यातला गुंड बाईला केसांना धरून फरफटत नेतो. नाव अमर ठेवलंय. अमृतचं अमर. माझ्याबरोबर मंद्रूपची मुलं आहेत, मामी. त्यांना माहितीये मी कुणाची ते. मी आले की मोबाइल बंद करतात. ते जास्त लागतं."

"मग मी काय करू गं?"

"पिच्चर बंद करा असं म्हणत नाही मी. ते तुमच्या हातात नाही. उद्या तुमच्या हातात माईक देणार आहेत. तुम्ही एवढंच म्हणा, की माझी आई जिवंत आहे, आणि माझा बाप तिचा नवरा होता. दोनच वाक्यं."

"तुझ्या आईनं पाठवलं?"

"तिला माहीत नाही."

गिरिजाबाईंनी पाणी आणलं, ते तिनं प्यायलं. जाताना तिची नजर हार घातलेल्या शिवशरणच्या फोटोवर गेली. "हेच का ते?" तिनं विचारलं. गिरिजाबाई व्हय म्हणाल्या. पोरगी बराच वेळ बघत राहिली. "मला वाटलेलं, बघितल्यावर राग येईल," असं म्हणून तिनं चपला घातल्या.

आता गाडीत बसतानाही गिरिजाबाईंना ते वाक्य आठवत होतं. स्टिअरिंगवर अनिलकुमार होता. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. तिशी ओलांडलेला त्यांचा एकुलता एक मुलगा. चिंचोळीला कारखान्यांना कामगार पुरवायचं काम करायचा. शाळेत त्याला मर्डरवाल्याचा म्हणायचे. पुढं स्थळं बघताना मुलीकडची माणसं चौकशी करून अर्ध्या वाटेतून परत जायची. आणि ट्रेलर आल्यापासून तेच लोक फोन करत होते. वाघाचा छावा, असं त्याच्या स्टेटसवर कुणीतरी लिहिलं होतं, ते त्यानं काढलं नव्हतं.

"अव्वा," आरशातून त्यांच्याकडं बघत तो म्हणाला, "तुला काय लई बोलायचं न्हाई. नमस्कार म्हणायचं, अप्पांचं नाव घ्यायचं. बास."

"बरं."

"इंडीच्या शरणबसव पाटलांचा फोन आलता. ते बी येणार हायेत पिच्चरला. मुलीला घेऊन."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं, लहानपणी नवा सदरा घातल्यावर असायचं तसं. गिरिजाबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. दोनच वाक्यं, पोरगी म्हणाली होती. दोनच तर होती.

*

थेटरासमोर हलगी घुमत होती. पोरं हिरोच्या कटआउटवर दूध ओतत होती, दूध उन्हानं तापलेल्या डांबरावर सांडून आंबट वास सुटला होता. मल्लेशनं फ्लेक्स बघितला. शिवशरण शेवटी हिरोच्या खांद्याएवढा झाला होता. खाली हात जोडलेला मल्लेशचा स्वतःचा फोटो होता आणि त्याखाली 'समस्त बिराजदार परिवार'. जिल्हा परिषदेच्या निवडणुका येऊ घातल्या होत्या. तालुक्याची दोन-चार वजनदार माणसं त्यानं पहिल्या रांगेत बसवली होती.

लोक येऊन त्याला मिठी मारत होते. एकानं विचारलं, "काका, त्यातला 'छोटे' म्हणजे तुमीच की?"

"मीच," मल्लेश म्हणाला.

पिच्चरमधला छोटे तलवार घेऊन थोरल्या भावाच्या पुढं धावतो. मुंबईच्या लेखकाला मल्लेशनं तसंच सांगितलं होतं, मी पुढं हुतो. खरं तर त्या दिवशी तो मोटरसायकल चालू ठेवून थांबला होता आणि पहिला वार पडताच तिथून सुटला होता. कोर्टापुरता तर तो मंद्रूपलाच गेला नव्हता. घरी भुईमुगाच्या शेंगा वाळवत होतो, असं त्यानं शपथेवर सांगितलं, दोन साक्षीदार उभे राहिले आणि तो सुटला. इतकी वर्षं त्याला एकच टोचणी होती, भाऊ आत आणि आपण बाहेर. पडद्यावर तलवार घेऊन धावणाऱ्या छोटेनं ती पुसली जाईल असं त्याला वाटत होतं.

दिवे गेले. शिट्ट्या पडल्या.

पिच्चर सुरू झाला तो उसाच्या फडातल्या मारामारीनं. एकेक ठोसा छातीवर पडल्यासारखा आवाज यायचा. मग घर, देवघर, राखी बांधणारी बहीण. तिला भावाची एवढी माया, की मागच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. मग अमर आला. दोन्ही कानांत बाळ्या, मानेवर विंचू गोंदलेला, डोळ्यांत कसलीशी नशा. "इज्जत तो तेरे घर की लूँगा, वो भी दिन के उजाले में," तो म्हणाला आणि थेटर शिव्यांनी उसळलं. अनिलकुमारच्या मुठी वळल्या होत्या. मल्लेशला ते दिसलं आणि बरं वाटलं.

त्यानं तिरक्या नजरेनं वहिनींकडं बघितलं. त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. मांडीवरच्या हातांकडं बघत होत्या.

बहिणीनं विहिरीच्या काठावर पाय ठेवला. पांढरी ओढणी पाण्यावर पसरली. पडद्यावर 'मध्यांतर' आलं.

*

सिद्धेश्वरी बाहेर आली ती जावेला शोधत. दिवे लागायच्या आतच गिरिजाबाई उठून गेल्या होत्या. पॅसेजमध्ये पॉपकॉर्नच्या काउंटरला झुंबड होती. त्यापलीकडं, बायकांच्या बाथरूमच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. फिकट निळी सुती साडी, केस घट्ट बांधलेले, हातात एकच घड्याळ. गिरिजाबाई तिच्यासमोर उभ्या होत्या.

सिद्धेश्वरी जवळ गेली आणि थबकली. त्या बाईचं कपाळ, भुवया, सगळं मल्लेशचं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती ऐकत आली होती, की ती आम्हाला मेली. मेलेल्या माणसाला चेहरा असेल, तो आपल्या नवऱ्यासारखा असेल, हे तिनं कधी मनात आणलंच नव्हतं.

"काल पोरगी येऊन गेली न्हवं तुमच्याकडं?" शिवलीला म्हणाली.

"व्हय."

"घरी आल्यावर सांगितलं तिनं मला. वैनी, तुमी काय बोलू नका. कुंभारीत कुणाला ठाऊक न्हाई. मी नर्स हाय, नवरा न्हाई, सासू म्हातारी हाय, एवढंच ठाऊक. बोललात की उद्या माणसं दारात. तिला कळत न्हाई अजून. तिला वाटतं, खरं सांगितलं की माणसं ऐकत्यात."

"मग तू कशाला आलीस हितं? हे बघायला?"

शिवलीलानं घड्याळाचा पट्टा सरळ केला. शेजारून दोन पोरं छोटेचा डायलॉग म्हणत गेली.

"अमृतला बघायला," ती म्हणाली. "हसू नका. माझ्याकडं त्याचा एकच फोटो हाय, लग्नातला, त्यात त्यानं मान खाली घातलीया. आता मला त्याचं तोंड नीट आठवत न्हाई वैनी. रात्री आठवायला गेलं तर पोरीचंच येतं. वाटलं, मल्लेशनं त्यास्नी सांगितलं असंल. उभा कसा ऱ्हायचा, हसताना तोंडावर हात कसा धरायचा. गुंड का दाखवंनात, पण थोडा तरी त्याच्यासारखा माणूस घेतला असंल." तिनं नाकातून श्वास सोडला. "विंचू काढलाय मानेवर."

गिरिजाबाईंनी तिचा हात धरायला हात पुढं केला. शिवलीलानं तो धरू दिला, पण स्वतः धरला नाही.

मग तिचं लक्ष सिद्धेश्वरीकडं गेलं. "ही सिद्धेश्वरी व्हय?"

"व्हय," सिद्धेश्वरीनं मान हलवली.

"मल्लेशला साखर हाय का गं?"

"हाय की. तुमाला कसं..."

"शिवशरणअण्णालाबी हुती. मगाशी दारात तो माणसास्नी भेटत हुता तवा गर्दीतनं दिसलं मला. पाय सुजलेत त्याचे. चप्पल रुतलीया. अंगावर काढू नका, कुणाला तरी दाखवा."

घंटा झाली. शिवलीलानं पदर सारखा केला आणि बाल्कनीचा जिना चढून गेली. सिद्धेश्वरी तिच्या पाठीकडं बघत राहिली. सकाळीच तिनं मल्लेशच्या पायांना तेल लावलं होतं. सूज तिला दिसली नव्हती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "ह्या बाईला विहिरीत कुणी ढकललं?"

"तुझ्या नवऱ्यानं," गिरिजाबाई म्हणाल्या. "पिच्चरवाले आलते तवा. बाहेरच्या खोलीत बसून. तू चहा आणून देत हुतीस."

*

दुसऱ्या अर्ध्या भागात नुसतंच रक्त होतं. हिरोनं अमरची टोळी एकेक करून संपवली, आणि शेवटी बाजारात, हळदीच्या पोत्यांवर, अमरला उभा चिरला. पिवळ्या धुरळ्यात लाल रक्त. पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली. "भाऊ असावा तर असा!" कुणीतरी ओरडलं.

दिवे लागले. पडद्यापुढं टेबल, हार, फेटे. मुंबईहून कंपनीनं पाठवलेला तरतरीत तरुण निवेदक माईक घेऊन उभा होता. त्यानं मल्लेशला फेटा बांधला, अनिलकुमारला बांधला, गिरिजाबाईंच्या खांद्यावर शाल घातली. शरणबसव पाटील पहिल्या रांगेत होते, शेजारी खाली बघणारी मुलगी. अनिलकुमारनं तिच्याकडं बघितलं नाही, पण आईच्या शेजारी जरा ताठ उभा राहिला.

"मित्रांनो," निवेदक म्हणाला, "आज आपल्यात एक व्यक्ती नाही. जिनं घराण्याच्या अब्रूसाठी प्राण दिले, ती बहीण. मी सर्वांना विनंती करतो, तिच्या स्मृतीसाठी आपण एक मिनिट उभे राहू या."

अख्खं थेटर उठलं. खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि मग इतकी शांतता पसरली, की पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. माणसांनी माना खाली घातल्या. मल्लेशनंही घातली.

गिरिजाबाईंनी वर बाल्कनीकडं बघितलं. सगळ्यात मागच्या रांगेत फिकट निळी साडी उभी होती. सगळे उभे राहिले म्हणून ती पण उभी राहिली होती. स्वतःसाठी.

गिरिजाबाई बोलणार नव्हत्या. मध्यांतरानंतर त्यांनी तसं ठरवलं होतं. ती नको म्हणते, पोरगा नको म्हणतो, मग आपण कोण? पण त्यांचा हात पुढं गेला आणि त्यांनी निवेदकाच्या हातून माईक घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या. आवाज फाटून आला. "बसा की सगळे खाली. जित्या माणसाला असं करत्यात व्हय?"

माना वर झाल्या. कुणी हसलं, कुणी शुक् शुक् केलं.

"माझी नणंद मेली न्हाई. हाय ती. कुटं हाय ते मी सांगणार न्हाई. तिनं कुटं उडी टाकली न्हाई. आणि तिला कुणी पळवली न्हवती. ती आपल्या पायानं गेली हुती. तो पोरगा तिचा नवरा हुता. चांगला पोरगा हुता. आमच्या बांधावर येऊन बसायचा, मी त्याला भाकरी दिलीया माझ्या हातानं."

"वैनी," मल्लेश पुढं सरला. त्याचा चेहरा हसरा होता, फक्त ओठ पांढरे पडले होते. "सुम कुंद्रि, वैनी, गप बसा. द्या हिकडं. वैनींना गहिवरून आलंय, मंडळी..."

"बोलू द्या त्यास्नी."

आवाज सिद्धेश्वरीचा होता. ती स्टेजच्या पायरीवर उभी होती, आणि मल्लेशला तो आवाज ओळखायला क्षणभर लागला. घरात तिनं त्याच्यावर आवाज चढवला होता, पण चारचौघांत कधी नाही.

"तू खाली बस."

"न्हाई बसत. खोटं असंल तर तुमी सांगा खोटं हाय म्हणून. आत्ता. माईकात."

माईक मल्लेशच्या हातात आला होता. समोर हजारभर माणसं. मी तिथं होतो, मला ठाऊक आहे, असं म्हणावं तर शपथेवर दिलेली साक्ष आठवत होती. मी तिथं नव्हतो म्हणावं तर पडद्यावरचा छोटे आत्ताच तलवार घेऊन धावला होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. अनिलकुमार काकाकडं बघत होता. काका नुसतं 'खोटं' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. एकच शब्द. तो येत नव्हता.

"ओ मावशी," बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "पिच्चर भारी हाय, खराब करू नका की!"

हशा पिकला. शिट्टी वाजली. दारातल्या हलगीवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला, त्यानं टिपरी घातली, आणि पोरं नाचत बाहेर निघाली. शरणबसव पाटील उठले, मुलीच्या पाठीला हात लावून तिला पुढं घातलं आणि कुणाचा निरोप न घेता बाजूच्या दारानं गेले.

गिरिजाबाईंनी वर बघितलं. निळी साडी जिन्याच्या दाराकडं वळली होती. पाठमोरी.

*

अनिलकुमारनं फेटा मागच्या सीटवर टाकला. गिरिजाबाई तो बाजूला सरकवून बसल्या. सिद्धेश्वरी आली नाही, ती मल्लेशबरोबर थांबली होती. "त्यास्नी एकटं कसं सोडू, अक्का," असं म्हणाली होती, आणि ते खरंच होतं.

"कुटं?" त्यानं विचारलं.

"कुंभारीला सोड."

त्यानं गिअर टाकला. गाडी अक्कलकोट रोडला लागली. दुपार कलली होती तरी रस्त्यावरून झळा उठत होत्या. त्याचा फोन वाजला. त्यानं उचलला. "हां... हां, बघितला की. हां. थँक्यू, थँक्यू." ठेवला. पुन्हा वाजला. या खेपेला त्यानं आवाज बंद केला.

"मला परत खुन्याचा पोरगा केलास तू," तो म्हणाला.

"मी कुटं केलं रं?"

"चार महिने, अव्वा. फक्त चार महिने माणसं मला नीट बोलायला लागली हुती. तुला काय जड झालं? तो अमृत तर मेलाच की. तो वाईट हुता म्हटलं तर त्याला काय फरक पडतोय?"

गिरिजाबाईंनी फेट्याची सुटलेली घडी सारखी केली. पोराचं दुःख खोटं नव्हतं. शाळेतून रडत आलेल्या त्याला त्यांनीच पोटाशी धरलं होतं.

त्यानं पुढचा ट्रक मागं टाकला. मग त्यानंच विचारलं, रस्त्यावरची नजर न हलवता. इतक्या वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"काय झालं हुतं बाजारात? खरंखरं."

"तुझ्या अप्पानं एकदाच सांगितलं मला. येरवड्याला, भेटीला गेल्ते तवा."

"सांग."

"हॉटेलाबाहेरच्या बाकड्यावर बसला हुता अमृत. तुझ्या अप्पाला आन् काकाला येताना बघून उठला. त्याला वाटलं, न्यायला आलेत. राग गेला, भैनीला माहेरी न्यायला आलेत. तो म्हणाला, 'या अण्णा, बसा.' पंच्यानं बाकडं पुसलं. आन् आत आवाज दिला, तीन चहा म्हणून."

गाडीचा वेग कमी होत गेला. कुंभारी फाट्याच्या अलीकडं, एका लिंबाखाली, अनिलकुमारनं ती कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"मग?"

"मग काय. तुझे अप्पा बसले न्हाईत."

"चहा आला हुता?"

"आला की. हॉटेलवाल्याला काय ठाऊक? तो तीन कप घेऊन भाईर आला, तवर पोरगा खाली पडला हुता. त्यानं कप बाकड्यावर ठिवले आन् पळाला. मल्लेश आधीच गेल्ता. माणसं लांब झाली. तुझे अप्पा तितंच उभे, पोलीस येस्तवर. मला म्हणाले, 'गिरिजा, मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. त्या कपांकडं बघत हुतो. तिन्हीवर साय आली.'"

अनिलकुमारनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. फोनचा पडदा पुन्हा उजळला, कुणाचं तरी नाव आलं, उजळत राहिलं आणि विझलं.

"मी गावात येत न्हाई," तो म्हणाला.

"ये म्हटलं न्हाई मी."

"आत्या घरात घेईल तुला?"

"ठाऊक न्हाई. नको म्हणाली असताना बोलले मी. माझ्यावर चिडली असंल. अमृतची आई बी हाय तितं, मथुराबाई. तिच्यापुढं कसं उभं ऱ्हायचं तेबी ठाऊक न्हाई."

"मग कशाला जातीस?"

गिरिजाबाईंनी दार उघडलं. गरम हवा आत आली. खांद्यावरची शाल काढून त्यांनी सीटवर, फेट्याशेजारी ठेवली. "तू जेवून घे," त्या म्हणाल्या. "घरात आमटी हाय. भाकऱ्या फडक्यात बांधल्यात."

त्या उतरल्या. विटक्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला आणि गावाकडं जाणाऱ्या रस्त्यानं चालू लागल्या. पाठीमागं गाडी घरघरत उभी होती. ती वळल्याचा आवाज कधी येतो, इकडं त्यांचा कान होता. पहिलं घर दिसेपर्यंत तो आला नाही. मग आला, आणि सोलापूरच्या दिशेनं गेला.